क्षमावलीचा राजीनामा

नोकरी लागावी म्हणून माणसं देव पाण्यात घालून बसतात. पण नोकरी सुटावी म्हणून कुणी देव पाण्यात घालून बसलं असेल, तर तो सांगलीच्या कापड पेठेतला धन्यकुमार मगदूम. दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती, बाजारात पुन्हा जीव आला होता, लोक टेरिकॉटच्या मागं वेडे झाले होते, आणि हा गडी गादीवर बसून लुगड्याच्या घड्या घालता घालता मनात एकच वाक्य घोळवत होता. 'अण्णा, मी काम सोडतो.' एवढंच. लहान पोरालाही बोलता येईल असं. पण ते ओठापर्यंत आलं की हा माणूस म्हणायचा, "अण्णा, चहा सांगू का?"

अण्णा म्हणजे दुकानाचे मालक, धरणेंद्रअण्णा. मिसरूड फुटायच्या आधी धन्यकुमारचा बाप गेला, तेव्हा आईनं त्याला त्यांच्या दुकानात आणून सोडला. अण्णांनी जेवू घातलं, गादीवर बसायला शिकवलं, लग्नात मांडवात मामाच्या जागी उभे राहिले. मालक खडूस असता तर हा केव्हाच पायताण घालून चालता झाला असता. पण ज्यानं घास भरवला त्याला 'जातो' म्हणायचं म्हणजे जीभ जड होते, ती होतेच.

आणि जायचं कशासाठी? तर घरासाठी. धन्यकुमार रात्री दुकानाच्या माडीवर झोपायचा. आई, बायको त्रिशला आणि लहान मुलगी शिराळ्याजवळच्या गावी. महिन्यातून एकदा एसटीनं जायचं, दुसऱ्या दिवशी परत. मागच्या खेपेला मुलीनं त्याला दारात बघितलं आणि आत ओरडून सांगितलं, "आई, पावनं आल्यात." घरातले सगळे हसले. धन्यकुमारही हसला, मग परसात जाऊन बराच वेळ एकटाच उभा राहिला.

त्याच खेपेला शिराळ्याच्या सहकारी संघाचे चेअरमन लालासाहेब भेटले. संघ दसऱ्याला कापडाचं दुकान उघडणार होता आणि त्यांना जाणता माणूस हवा होता.

"गादीवर तुमी बसा," लालासाहेब म्हणाले. "फकस्त मागच्या मालकाचा दाखला आणा, राजीखुशीनं सोडलंय म्हणून. उद्या त्यांनी हितं येऊन भांडण काढाय नको."

त्रिशला एसटीपर्यंत सोडायला आली होती. ती म्हणाली, "आवं, दसऱ्याला तुमी न्हाई आला तर त्या गादीवर दुसरं कोनतरी बसंल. मग पोरीला काय सांगू, पावनं पुढल्या म्हैन्यात येत्यात म्हणून?"

धन्यकुमार 'सांगतो, सांगतो' म्हणत गाडीत चढला.

तर 'राजीखुशीनं.' खरी गोम तिथंच होती. धरणेंद्रअण्णांची खुशी मिळवणं एक वेळ जमेल, पण सोडून जाणाऱ्या माणसाला ती मिळाल्याचं पेठेत कुणी पाहिलं नव्हतं. पूर्वी दुकानात गुंडा म्हणून एक पोरगा होता. तो एके दिवशी हमालाच्या हाती निरोप पाठवून शेजारच्या दुकानात गेला. अण्णा शिव्या देणारे नव्हेत. त्यांनी चार व्यापाऱ्यांत बसून एवढंच म्हटलं, "गुंडावर दुकान सोडून मला कधी जेवायला जाता आलं न्हाई." झालं. शेजारच्यानं गुंडाला आठवड्यात काढला, पेठेत पुन्हा कुणी उभा केला नाही, आणि आता तो जत्रांतून बांगड्या विकत हिंडतो. गुंडानं सुतळीचा तोडासुद्धा उचलला नव्हता, हे धन्यकुमारला पक्कं माहीत होतं. म्हणून तर झोप लागत नव्हती.

दुकानातला दुसरा माणूस नानासो. पलटणीतून आलेला, मिशीला पीळ, जगातली कुठलीही अडचण अर्जानं सुटते असं मानणारा.

"अरं गड्या, येक अर्ज टाकायचा, येक सॅल्यूट ठोकायचा, सुटलास."

"आन् साहेब न्हाई म्हणला तर?"

"तर दुसरा अर्ज."

नानासोनं मोठ्या हौसेनं कोर्टासमोरच्या टायपिस्टकडून इंग्रजीत अर्ज करवून आणला. धन्यकुमारनं तो ट्रंकेच्या तळाशी घातला. अण्णांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. ज्याच्या घरचं पंधरा वर्षं खाल्लं, त्याला परक्या भाषेतला कागद द्यायचा आणि त्यानं तो वाचून घ्यायला दुसऱ्याकडं जायचं? त्यापेक्षा गुंडाचा हमाल बरा.

असा सगळा श्रावण गेला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तो रोज सकाळी ठरवायचा आणि रोज दिवे लागता लागता उद्यावर ढकलायचा. जेवण तुटलं. एकदा गिऱ्हाइकानं परकराचं कापड मागितलं तर ह्यानं धोतराचं फाडून दिलं. अण्णांनी नुसतं बघितलं. ते बघणं त्याला रागावण्यापेक्षा वाईट वाटलं.

भाद्रपदात पर्युषण लागलं, आणि धन्यकुमारला युक्ती सुचली. आता युक्ती म्हणायचं की भित्र्याची पळवाट, ते तुम्ही ठरवा.

पर्युषणाचे दहा दिवस अण्णा एकभुक्त राहायचे, बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, पूजेला बसायचे आणि कितीही झालं तरी आवाज चढवायचे नाहीत. हे दिवस संपले की येते क्षमावली. त्या दिवशी बस्तीत सगळे एकमेकांपुढं हात जोडतात. लहान मोठ्यापुढं, मोठा लहानापुढं. मनानं, वाणीनं, देहानं वर्षभरात काही चुकलं असेल तर क्षमा करा म्हणतात, आणि समोरच्यानं क्षमा करायची असते. त्या दिवशी नाही म्हणता येत नाही. धन्यकुमारनं हिशेब मांडला: त्या दिवशी देवासमोर सांगून टाकायचं. अण्णा देवभोळे. रागावणार कसे? क्षमा केली म्हणजे दाखलाही आलाच. स्वतःच्या डोक्यावर खूश होऊन महिन्याभरात पहिल्यांदा तो पोटभर जेवला.

क्षमावलीच्या दिवशी बस्ती माणसांनी भरली होती. धन्यकुमार पांढरं धोतर नेसून खांबाजवळ उभा राहिला. अण्णा माणसांना हात जोडत जोडत त्याच्यासमोर आले. उपासांनी चेहरा उतरला होता, पण डोळे निवळ होते.

"अण्णा, क्षमा करा," धन्यकुमार म्हणाला. "माझ्या हातनं एक चूक हुणार हाय. म्हंजे झालीया. मी..."

अण्णांनी त्याचे जोडलेले हात आपल्या हातांत धरले. "क्षमा केली बाबा. कारण सांगू नगंस. आज मागणाऱ्याला कारण इचारायचं नसतं." मग वाकून म्हणाले, "मीबी लय येळा तुला टाकून बोललो असंन. मलाबी क्षमा कर."

आणि गर्दीनं त्यांना पुढं नेलं. धन्यकुमार हात जोडून तसाच उभा. समोर कुणीतरी तिसराच माणूस त्याची क्षमा मागत होता.

संध्याकाळी नानासोनं सगळं ऐकून घेतलं आणि मिशीला पीळ दिला. "म्हंजे क्षमा गावली, पर कशाची गावली ते देनाऱ्याला ठावंच न्हाई. ही क्षमा चालती व्हय तुमच्यात?"

"चालत असंल," धन्यकुमार म्हणाला.

"गड्या, तुझं तुलाच पटंना झालंय."

ते खरंच होतं. पितृपंधरवडा लागला. पितरांच्या दिवसांत नवं कापड कोण घेतं? दुकान ओस. सांगायला याहून बरी वेळ नव्हती आणि न सांगायला सबबही नव्हती. वरून अण्णा त्या दिवसांत नको तितके मायेनं वागत होते. एके दिवशी म्हणाले, "औंदा दिवाळीची खरेदी तूच कर. माझं डोळं आता रंगाला दगा द्याला लागल्यात." धन्यकुमारला वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं. दसरा पुढं सरकत होता. त्रिशलाचं कार्ड आलं होतं, त्यात एकच ओळ: सांगितलं का?

शेवटी एका दुपारी नानासो जेवायला गेला, दुकानात दोघंच उरले. अण्णा मीटरपट्टी पुसत बसले होते. धन्यकुमारनं डोळे मिटून विहिरीत उडी टाकावी तसं सांगून टाकलं. शिराळा, संघ, दसरा, दाखला, सगळं.

अण्णांचा पट्टी पुसणारा हात थांबला. मानेची शीर ताठ झाली. हा राग धन्यकुमारनं पंधरा वर्षं शेजारी बसून पाहिला होता, पण तो नेहमी दुसऱ्यावर असायचा.

"बस्तीत क्षमा मागितलीस ती ह्येचीच व्हय?"

"व्हय, अण्णा."

अण्णांनी तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. "देवासमोर बोलून बसलोय मी," ते म्हणाले. "आता मला रागवायचीबी सोय ठेवली न्हाईस. जा. दाखला लिहून ठेवतो. उद्या ने."

म्हणजे डाव साधला होता. जसा मांडला तसा हिशेब उतरला होता. धन्यकुमारनं पायरीकडं बघितलं आणि त्याला उठवेना. म्हाताऱ्या माणसाचे हात बांधून आपण त्याच्या खिशात हात घातलाय, असं त्याला वाटलं. स्वतःची इतकी लाज त्याला जन्मात वाटली नव्हती.

"अण्णा," तो म्हणाला, "ती क्षमा मी परत देतो. ती मी फसवून घेतली. तुमाला जे बोलायचं ते बोला."

"आन् दाखला?"

"तुमची इच्छा."

अण्णांनी हातातली पट्टी खाली ठेवली. मग बोलायला लागले. आवाज एवढा चढला की समोरचा शिंपी मशीन थांबवून बघायला लागला. ऐन दसऱ्या-दिवाळीच्या तोंडावर दुकान उघडं पाडतोस, म्हणाले. आता ह्या डोळ्यांनी मी रंग कसं बघू, म्हणाले. बोलता बोलता धाप लागली, तेव्हा आवाज खाली आला.

"गेल्याचं मला काय न्हाई. पोरगी हाय, बायको हाय, जाशील न्हाईतर काय. मला इचारलं असतंस तर मी स्वता हळद-कुकू लावून धाडला असता. पर पंधरा वर्सं माझ्याशेजारी बसून, जायच्या येळंला तुला माझा भरवसा वाटला न्हाई. पंचांगाचा वाटला."

धन्यकुमारच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यानं पुसलं नाही. खरं तेच सांगायचं तर सगळंच सांगावं, म्हणून तो म्हणाला, "गुंडाचं बघितलं हुतं, अण्णा. भ्यालो."

समोरच्या शिंप्याचं मशीन पुन्हा सुरू झालं. अण्णा हळू आवाजात म्हणाले, "तेबी खरंच हाय."

मग त्यांनी कागद ओढला, चष्मा चढवला. "संघाला काय पायजे? 'राजीखुशीनं' असं पायजे न्हवं?"

"व्हय."

"लिहू का? तूच सांग."

धन्यकुमारला दारातली मुलगी दिसली. लालासाहेबांचा करडा आवाज आठवला. एका शब्दाचा तर प्रश्न होता. नोकरी गेली तर हातचंही गेलं आणि पळतंही गेलं, कारण इथं आता कुठल्या तोंडानं राहणार? एवढं सगळं कळूनही तो म्हणाला, "नका लिहू. खोटं हुईल."

अण्णांनी हळूहळू, डोळे कागदाला लावून लिहिलं. सही केली आणि कागद उघडाच पुढं सरकवला. त्यात लिहिलं होतं: 'धन्यकुमार मगदूम माझ्या दुकानी पंधरा वर्षे होते. हाताचे स्वच्छ. ह्यांच्यावर दुकान सोडून मी रोज निर्धास्त जेवायला गेलो. दसऱ्याच्या तोंडावर सोडून जातात म्हणून मी नाराज आहे.'

धन्यकुमार पाया पडायला वाकला, तेव्हा अण्णांनी पाय मागं घेतले. "आज नगं," ते म्हणाले. "आज मला रागवू दे."

शिराळ्यापर्यंत एसटीत तो कागदाच्या खिशावर हात ठेवून बसला होता. रस्ताभर त्याला खात्री वाटत होती की हा कागद वाचून कुणी दारात उभं करणार नाही. संघाच्या कचेरीत लालासाहेबांनी दाखला एकदा वाचला, चष्मा पुसून परत वाचला, आणि मोठ्यानं हसायला लागले. शेजारच्या दोन संचालकांना त्यांनी तो वाचून दाखवला.

"असला दाखला मी जन्मात बघितला न्हाई," ते म्हणाले. "मानूस निघाला म्हणून मालक नाराज. ह्यापरीस आनखी काय पायजे? तुमी या दसऱ्याला. चहा सांगा रं."

सगळे हसत होते. धन्यकुमारनंही हसून बघितलं, जमलं नाही. चहा आला, त्यानं तो घेतला आणि बशी खाली ठेवून म्हणाला, "सायेब, एक आदी सांगून ठेवतो. पुढल्या साली क्षमावलीला मला एक दिवस सुट्टी लागंल. सांगलीला जायचं हाय."

लालासाहेबांनी हसणं थांबवून त्याच्याकडं पाहिलं. "अजून कामावर चढला न्हाई, आन् वरसाआदी सुट्टी मागताय?"

"व्हय," धन्यकुमार म्हणाला. "मागनं सांगायला मला जमत न्हाई."