रक्तसरकारचा अमान्य मृत्यू

मच्छिंद्र शेवाळे गेली एकोणीस वर्षं एकाच खलनायकाची चित्रं काढतात. त्याचं नाव रक्तसरकार. माणसांचं रक्त पिऊन जगणाऱ्या व्हॅम्पायर लोकांचा हा सरदार, आणि ‘तडिता’ या आमच्या सुपरहिरो कॉमिकमध्ये दर चार-सहा अंकांनी तो परत येतो. उन्हात जळून, नदीत बुडून, छातीत खुंटी ठोकून तो आजवर अकरा वेळा मेलाय. परत आला कसा, असं वाचक पत्रातून विचारतात. संपादक विश्वजीत कानडे उत्तर छापतात, ‘आपण अंक विकत घेता म्हणून.’

तडिता आणि बाकीचे सगळे दोन मुली टॅबलेटवर काढतात, सुट्टीच्या दिवशी मी ती पानं रंगवतो. मच्छिंद्रकाका फक्त सरकार काढतात, ब्रशनं आणि काळ्या शाईनं. सरकार असला की ते अख्खं पानच त्यांचं. त्याच्या झग्याचा काळा रंग स्क्रीनवर कुणालाच जमला नाही. मी तीन सॉफ्टवेअर वापरून पाहिली. काका पुण्याला लागून असलेल्या मांजरी गावचे. गाव शहरात गेलं, शेतावर इमारती उभ्या राहिल्या, मुलं कामाधंद्याला लागली. दर गुरुवारी नारायण पेठेतल्या ऑफिसात यायचं, पानं द्यायची आणि मंडईतून भाजी घेऊन घरी जायचं, एवढंच एक बाहेरचं काम काकांना उरलं होतं.

शंभराव्या अंकात सरकार कायमचा मरणार, असं विश्वजीतसरांनी जाहीर केलं. काकांनी ऐकलं, चहा संपवला आणि ‘बरं’ म्हणाले.

पटकथेत इतकंच होतं: श्रावणातली संध्याकाळ, सरकार तडिताच्या स्वयंपाकघरात शिरतो, तिची आई हाताला येईल ते फेकून मारते, सरकारची राख होते. काय फेकायचं ते काकांवर सोडलं होतं. काकांनी लसणाची जुडी काढली. लसणाला व्हॅम्पायर घाबरतात हे वाचकांना पाठ आहे, त्यामुळे कुणीच काही बोललं नाही. अंक छापून बाहेर पडला आणि आठव्या दिवशी एक पोस्टकार्ड आलं.

‘अंक ५४, पान ९ पाहावे. तडिताच्या घरी चातुर्मासात कांदा-लसूण येत नाही, म्हणूनच सरकार त्या चार महिन्यांत हल्ला करतो, असे आपणच लिहिले आहे. शंभराव्या अंकात भिंतीवर श्रावणाचे कॅलेंडर आहे. मग लसूण कोणाच्या घरचा? सबब हा मृत्यू अमान्य करावा.’

मागोमाग तशीच चाळीसेक पत्रं आली. गुरुवारी सरांनी गठ्ठा काकांसमोर ठेवला.

“मच्छिंद्रराव, हा लसूण आपण कुठून आणलात?”

“सैपाकघर म्हटल्यावर लसूण असतोयच की.”

“आमच्याकडे श्रावणात नसतो.”

“मग फोडणी कशाची देता?”

“ते आमचं आम्ही बघू. चौपन्नावा अंक आपणच काढलाय. लसणाची ही रिकामी खुंटी बघा.”

काकांनी जुना अंक हातात घेतला. पान चष्म्याजवळ नेलं.

“व्हय. माझंच हाय हे.”

“म्हणजे माहीत होतं. मग चुकून काढलात, की तो मरू नये म्हणून?”

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “मला बी कळंना.”

“रविवारपर्यंत कळवा,” सर म्हणाले. “चुकून असेल, तर चूक कबूल करू आणि त्याला तव्यानं मारू. संपला विषय. मुद्दाम असेल, तर तो जिवंत. चित्रकारानं जाणूनबुजून काढलेलं मी खोडत नाही.”

रविवारी काकांचं काय ठरलं ते बघायला मी मांजरीला गेलो. स्वयंपाकघरात खिळ्याला लसूण टांगलेला होता. मुक्ताबाईकाकू पोळ्या लाटत होत्या.

“काकू, तुमच्याकडे श्रावणात लसूण चालतो?”

“त्याच्याबिगर ह्यांना घास उतरत न्हाय. रोज लसूण खाऊन त्या सरकारला काढत्यात, तरी त्याला काय बी होत न्हाय!”

काकांसमोर चार कागद पडले होते. चारही कागदांवर तवा होता, सरकार नव्हता.

“तव्यानं मारायचं म्हटलं की हात थांबतो,” ते म्हणाले. “म्हणून मुद्दाम केलं म्हणावं, तर त्या दिवशी मनात कायच नव्हतं. भूक लागली होती, एवढं आठवतंय. खोटं कसं सांगू? तू कॉम्प्युटरवाला, तुला काय वाटतं?”

मला दोन्ही खरं वाटत होतं. मी तसं सांगितलं. त्याचा त्यांना काही उपयोग झाला नाही.

शेवटी त्यांनी सरांना फोन लावला, स्पीकरवर.

“कळलं?” सरांनी विचारलं.

“न्हाय. लई इचार केला. न्हाय कळलं.”

मला वाटलं, आता तवाच.

“मग सरकारलाही कळायला नको,” सर म्हणाले. “राखेतून उठून बसू दे. आपण मेलोय की जिवंत आहोत, त्यालाच माहीत नाही. पुढचे अंक तो तेच शोधत फिरेल. पहिलं पान गुरुवारी आणा. आणि मच्छिंद्रराव, भिंतीवर कॅलेंडर नको.”

काकांनी फोन ठेवला आणि लगेच नवा कागद ओढला. झगा कागदावर सरसर उतरला. चेहऱ्यापाशी ब्रश अडला. सरकार रागावलेला, हसणारा, दात काढणारा त्यांनी शेकडो वेळा काढला होता. गोंधळलेला कधीच नाही. त्यांनी काकूंकडून छोटा आरसा मागून घेतला आणि पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला.

“ह्या वयात काय बघताय एवढं?” काकू म्हणाल्या.

“गप गं. ह्योच चेहरा पायजे.”

एक भुवई काढून ते थांबले, आणि दुसरी वर घ्यावी की खाली, असं मला विचारलं. मी आरशात बघितलं, मग कागदावर, पण मलाही सांगता येईना.