मधूभाऊंनी बंद केलेली लाइन

आमच्या नालवाडीतले मधूभाऊ म्हणजे शंभर ठिकाणी विचारणारा माणूस. कुकर घ्यायचा असला तरी अर्ध्या कॉलनीला विचारतील आणि शेवटी घरात जयावहिनी म्हणतील तोच घेऊन येतील. पंचायत समितीत मोठे बाबू होते, सवय कुठं जाणार? मी त्यांची शेजारीण, शरयू. जन्मभर पोरांना शिकवलं, त्यामुळे तोंड फटकळ. रोज त्यांना दोन शब्द सुनावते आणि रोज त्यांच्याच घरचा चहा पिते.

एक गोष्ट मात्र हा माणूस कधी कोणाला विचारत नसे, ती म्हणजे मोबाइल नंबर बदलायचा का. त्यांच्या कंपनीचं टॉवर आमच्याकडे असं, की बोलायचं तर गच्चीवर जाऊन ओरडावं लागतं. मुलगा पियुष हॉलंडात नोकरीला. तो सांगून सांगून थकला, बाबा, कंपनी बदला, नंबर तोच राहतो. हे ढिम्म! "बदलता बदलता मधातच नंबर हरवला तर? दादाजवळ हाच नंबर आहे."

दादा म्हणजे त्यांचे मोठे भाऊ नत्थूजी. हिंगणीला शेती करतात. वडील लवकर गेले, तेव्हा दादानं शाळा सोडून नांगर धरला आणि मधूला वर्ध्याला शिकायला ठेवलं. आणि याच मधूनं मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेत काय केलं? ऑफिसच्या मोठ्या साहेबांचं नाव वर ठळक छापलं, अन् दादाचं खाली, बारीक अक्षरात, चार पाहुण्यांच्या मधे. नत्थूजी लग्नाला आले, अक्षता टाकल्या, पाण्याचा घोटही न घेता हिंगणीला परत गेले. त्या दिवसापासून एक शब्द नाही. मधूभाऊ दर पोळ्याला फोन लावत, तिकडे घंटी वाजून वाजून थांबे. दोनदा हिंगणीला गेले, तर नत्थूजी मागच्या दारानं वावरात निघून गेले. माफी मागायला समोर माणूस तर पाहिजे ना? बारा वर्षं झाली या गोष्टीला.

"दादा रागीट आहे, पण तो फोन करीन. एक दिवस करीनच," असं ते मला कितीदा म्हणाले असतील! फोन वाजला की आधी नाव बघायचे, अन् चेहरा जरासा पडायचा. मला दिसायचं ते. राग यायचा आणि वाईटही वाटायचं.

तर गेल्या वर्षी पियुषनं दोघांची तिकिटं काढली. झालं! मधूभाऊंची चौकशी सुरू. तिकडे मोबाइलचं काय करायचं? इथल्याच कंपनीचं रोमिंगचं पॅक घ्यायचं, की तिकडे उतरून तिथलं सिम घ्यायचं, की ते नवीन निघालेलं ई-सिम? बजाज चौकातल्या दुकानदारानं सांगितलं पॅक घ्या. भिशीतल्या कोणाच्या जावयानं सांगितलं, तिकडचंच सिम स्वस्त पडते. शेवटी स्वारी माझ्या मुलीकडे, नमिताकडे आली. ती पुण्याला कॉम्प्युटरमध्ये आहे, सुटीवर आली होती.

"हे ई-सिम म्हणजे बिनसिमचं सिम का वं? हातात काहीच नाई येत?"

"नाही काका, एक चौकोनी कोड येतो, तो स्कॅन करायचा. याच्यावर नुसतं इंटरनेट चालतं. फायदा हा की तुमचं जुनं सिम फोनमध्ये जागच्या जागी राहतं."

हे ऐकलं आणि त्यांचं ठरलं. जुनं सिम काढावं लागत नाही, बस! तिनं सगळं करून दिलं आणि नीट बजावलं, "जुन्या नंबरचं रोमिंग मी चालू करून घेतलंय. त्याचं इंटरनेट फक्त बंद ठेवा. लाइन चालू राहू द्या. कोणाचा फोन आला तर निदान दिसेल. नाही उचलला तर पैसे लागत नाहीत."

मधूभाऊंनी मान हलवली. पण त्यांच्या डोक्यात ऑफिसातले डोमाजी बसलेले. डोमाजी मागं दुबईला गेलते, खिशातल्या खिशात फोन चालू राहिला आणि परत आल्यावर बिल पाहून त्यांना घेरी आली म्हणे. खरं की खोटं देव जाणे.

नागपूरच्या विमानतळावर सोडायला मीच गेले होते, गाडी आमचीच. आत जायच्या आधी मधूभाऊ बाकड्यावर बसले, चष्मा वर केला, फोनमध्ये शोधून शोधून जुनी लाइनच बंद करून टाकली.

"अहो, नमितानं काय सांगितलं होतं?" मी म्हटलं.

"राहू द्या ताई. कशाले जिवाले घोर? मले तिकडं कोण फोन करून राह्यलं? ज्याले काम आहे तो व्हाट्सअॅपवर करते."

बारा वर्षं ज्या फोनची वाट पाहिली तो करणारा माणूस बटनांचा फोन वापरतो, हे त्या क्षणी या शहाण्या माणसाच्या ध्यानात येऊ नये! आजही आठवलं की माझं डोकं फिरतं.

तिकडे मग काय, इंटरनेट सुसाट. रोज फोटो. कालवे, सायकली, गुडघाभर गवतात उभ्या लठ्ठ गाई. एकदा व्हिडिओवर मला गाई दाखवता दाखवता म्हणाले, "दादाले दाखवाले पाहिजे होतं हे. एवढं पाणी! पागल झाला असता तो." जयावहिनी मागून म्हणाल्या, "या वेळी गेल्याबरोबर हिंगणीले जाऊ. दार लावलं तरी दारात बसू."

दोन महिन्यांनी परत आले. घ्यायलाही मीच. सामान डिकीत टाकलं, मधूभाऊ पुढं बसले आणि लाइन चालू केली. फोन टुणटुण करायला लागला. तुमचा फोन बंद असताना अमुक नंबरवरून फोन आला होता, असे मेसेज एकामागून एक. मधूभाऊ वाचता वाचता थांबले. मग फोन माझ्यासमोर धरला.

"ताई, हा दादाचाच नंबर आहे ना? की मलेच तसं दिसून राह्यलं?"

दादाचाच होता. सकाळी, दुपारी, दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशीही. सगळे महिनाभरापूर्वीचे. माणूस रडतो की हसतो ते कळेना. तिथल्या तिथं फोन लावला. दुसऱ्या घंटीलाच उचलला गेला!

"हॅलो, दादा? दादा, मी मधू! दादा, बोल ना गा."

तिकडून काहीच नाही. नुसता श्वास. बराच वेळ श्वास. मग फोन बंद झाला.

"उचलला तं," मधूभाऊ म्हणाले. "पण राग आहे अजून. बोलत नाई." आणि लगेच, "ताई, सेलूवरून गाडी हिंगणीकडे घ्या. बॅगा राहू द्या गाडीतच."

हिंगणीला अंगणात नत्थूजींचा मुलगा मुकेश भेटला. काकांच्या पाया पडला आणि सरळ उभा राहून सांगितलं.

"बाबाच्या गळ्यात कॅन्सर निघाला, काका. बिडीनं केलं. ऑपरेशनात आवाज जाईन, हे डॉक्टरनं आधीच सांगतलं होतं. तं बाबा म्हणे, मधूसंगं बोलल्याशिवाय मी टेबलावर जात नाई. तीन दिवस फोन लावून राह्यले. तारीख सुद्धा पुढं ढकलाले लावली. फोनमधली ते बाई म्हणे, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. बाबाले वाटलं, तुमीनच बंद करून ठेवला. म्या म्हटलं, व्हाट्सअॅपवर सांगतो, तं माह्यावरच खेकसले. मधात पडू नको, दया करून आला तं मले नाई पाह्यजे, मीच बोलीन म्हणे. मग डॉक्टर म्हणे, आता थांबता येत नाई."

जयावहिनींनी पदर तोंडाला लावला.

नत्थूजी आत खाटेवर बसले होते. गळ्याला पांढरा दुपट्टा, बाजूला तो बटनांचा फोन. भाऊ दिसला आणि त्यांचे ओठ हलायला लागले. भरभर, कितीतरी वेळ. मधूभाऊ खाली वाकले, कान त्यांच्या तोंडाजवळ नेला. "काय, दादा? पुन्हा एक खेप म्हण." ओठ पुन्हा हलले. नुसती हवा. "मुकेश, काय म्हणून राह्यले रे?" मुकेश म्हणाला, "मले बी नाई समजत, काका. अंदाजानंच चालते." नत्थूजींना सहीपुरतंच लिहिता येतं, त्यामुळे तोही मार्ग नव्हता.

मग मधूभाऊ जमिनीवर बसले आणि दादाचे गुडघे धरून सांगत सुटले. "दादा, म्या तुहा फोन काटला नाई, तुही आण. ती लाइनच बंद होती. इंटरनेट दुसऱ्या सिमवर होतं, ते सिम दिसत नाई, कोडवर चालते, अन् हे म्या घाबरून बंद केलं, दादा, बिलाच्या भेवानं..." त्या म्हाताऱ्याला काय कळणार सिम आणि कोड! ते नुसते धाकट्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. पत्रिकेबद्दल मधूभाऊंनी माफी मागितली, तेव्हा त्यांनी हातानंच जाऊ दे म्हटलं. माफ केलं हो, पूर्ण माफ केलं. पण तीन दिवस फोन लावून त्यांना काय सांगायचं होतं, ते कोणालाच कळलं नाही आणि आता कळणारही नाही.

हल्ली दर आठवड्याला मधूभाऊ हिंगणीला जातात. परवा चहाला मी गेले, तर मांडीवरच्या पेपरची घडीही मोडलेली नव्हती. मी विचारलं, तब्येत बरी नाही का?

"तब्येत बरी आहे, ताई," ते म्हणाले. "सकाळपासून आठवून राह्यलो. दादाचा आवाज कसा होता, तेच आठवत नाई."

जयावहिनी कप ठेवून आत निघून गेल्या.