तिकडच्या सुया

आईला इन्सुलिन सुरू झालं त्याच वर्षी बाबा रिटायर झाले. एकाच वर्षी घराला दोन दुखणी लागली, असं मी म्हणायचे आणि आई तोंडाला पदर लावून हसायची. इंजेक्शन ती स्वतःच घ्यायची. दवाखान्यातल्या सिस्टरांनी तिला शिकवलं होतं. फ्रिजच्या दारातली बाटली काढून दोन तळव्यांत हळूच घोळवायची, खळाखळा हलवायची नाही. बूच स्पिरिटनं पुसायचं, सांगितलेल्या रेघेपर्यंत औषध भरायचं, बुडबुडा टिचकी मारून घालवायचा, पोटावर कालची जागा सोडून टोचायचं आणि वापरलेली सुई झाकणाच्या डब्यात टाकायची. हे सगळं ती देवपूजेइतकं मन लावून करायची. साखर छान ताब्यात आली होती. डॉक्टर चार पेशंटांसमोर तिला शाबासकी द्यायचे आणि ती शनिवार पेठेतल्या आमच्या तीन खोल्यांत येऊन ती आम्हाला ऐकवायची.

दिवाळीला माझा भाऊ अमेरिकेतून आला. कॉम्प्युटर शिकलेल्या पोरांना तेव्हा अमेरिका हाका मारून बोलवत होती, आमचा दादाही त्यातलाच. त्यानं आईसाठी काय आणावं? स्वेटर नाही, परफ्यूम नाही, इंजेक्शनच्या सुयांचं, म्हणजे नळीला जोडूनच येणाऱ्या सुयांचं, मोठं खोकं! "आई, तिकडच्या सुया केसासारख्या बारीक असतात, दुखतच नाहीत." खरंच दुखायच्या नाहीत. आईनं ते खोकं शोकेसमध्ये ठेवलं, काचेच्या बाहुल्यांशेजारी. येईल त्या बाईला दाखवायची. लेकानं आईचं दुखणं लक्षात ठेवून काही आणावं, याचं तिला केवढं अप्रूप होतं! मलाही बरं वाटलं होतं.

दिवाळी सरली आणि साखर वाढली. सणाचं चालायचंच, असं डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी डोस थोडा वाढवला. पुढच्या खेपेला साखर आणखी वर. मग पुन्हा वाढवला. "काकू, खरं सांगा, काय खाता?" त्यांनी हसत विचारलं. आई म्हणाली, "काही नाही हो." तिसऱ्या खेपेला त्यांनी विचारलं तेव्हा ते हसत नव्हते.

बाबांना तेवढंच हवं होतं. जन्मभर ऑफिसात लोकांच्या रजेच्या अर्जांवर संशय घेतलेला माणूस! आई शेजारी जाऊन आली की पेपरातून डोकं वर न काढता विचारायचे, "काय, पेढा कंदी होता की साधा?" देवळातून आली की, "प्रसाद एकदाच घेतलात ना आपण?" तिला 'आपण' म्हणाले की समजावं, आता बोलणं लागणार आहे. एके दिवशी त्यांनी साखर, गूळ, मोरावळा, सगळं लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली जानव्याला बांधली. पाहुणे आले की आई बाहेरच्या खोलीच्या दारात उभी राहून म्हणायची, "अहो, चहाला साखर देता का?" पाहुण्यांसमोर! माझा संताप व्हायचा. मी बाबांशी भांडले, अबोला धरला, काही उपयोग झाला नाही. "रिपोर्ट खोटं बोलतो का?" हा त्यांचा एकच प्रश्न.

आईनं वाद घालणं सोडून दिलं. ती जेवूच कमी लागली. अर्धी पोळी खायची आणि उठायची.

माघात दादाचं खोकं संपलं. आईनं कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून पूर्वीसारख्याच इकडच्या सुया आणल्या. रविवारी सकाळी तिनं त्या नव्या सुईत डॉक्टरांनी वाढवून दिलेल्या आकड्यापर्यंत औषध भरलं, टोचून घेतलं आणि दोन घास पोहे खाल्ले. थोड्या वेळानं मेथी निवडायला बसली. मी केस विंचरत होते. तिनं मला मावशीच्या नावानं हाक मारली. वळून बघते तर ती घामानं निथळत होती, हात थरथरत होते आणि निवडलेली मेथी ती देठांच्या ढिगात टाकत होती.

घाम, थरथर, असंबद्ध बोलणं दिसलं की आधी साखर, मग डॉक्टर, हे सिस्टरांनी मलाही बजावलं होतं. "बाबा, साखर!" मी ओरडले. बाबा कपाटाकडे धावले. जानव्याची गाठ सुटेना, किल्ली कुलपापर्यंत पोचेना. शेवटी त्यांनी जानवं हिसडून तोडलं. मुठीत साखर घेऊन आले, निम्मी वाटेत सांडली.

आणि आई तोंड उघडेना! दात घट्ट मिटून मान हलवत होती. "नको. मी नाही खात. बघा, मी नाही खात."

"अगं खा गं, मी सांगतोय ना, खा!" बाबा गुडघ्यांवर बसून म्हणत होते. त्यांचा आवाज फाटला होता. थोडे दाणे तिच्या ओठांना लागले, तेवढेच. मग तिचे डोळे फिरले. त्यानंतर तोंडात काही घालायची आमची हिंमत झाली नाही. शेजारच्यांनी रिक्षा आणली आणि आम्ही तिला जवळच्या नर्सिंग होममध्ये नेलं. त्या रिक्षात मला वाटलं, आई गेली.

शिरेतून ग्लुकोज चढवलं. आमचे डॉक्टरही आले. डोस तोच, मग आजच असं का, हे त्यांना कळेना. "आज वेगळं काय केलं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "सुया तेवढ्या बदलल्या." त्यांनी हातातला केसपेपर खाली ठेवला. मग म्हणाले, "दोन्ही सुया घेऊन या. बाटलीपण."

झाकणाच्या डब्यातून दादाची एक जुनी सुई मी चिमट्यानं काढून नेली. डॉक्टरांनी दोन्ही सुया उजेडात शेजारी शेजारी धरल्या. अमेरिकेतलं इन्सुलिन आपल्या बाटलीपेक्षा दाट, म्हणून तिकडच्या सुईवरच्या रेघाही वेगळ्या. तिकडच्या सुईत दहाच्या रेघेपर्यंत भरलं की आपल्या बाटलीतलं औषध दहाऐवजी चारच युनिट जायचं. म्हणजे इतके महिने आईला निम्म्याहून कमी औषध मिळत होतं, म्हणून साखर वाढत होती, म्हणून डोस वाढत होता. आणि आज इकडच्या सुईनं तो वाढलेला डोस पुरता पोटात गेला होता. "मी सुई बघायलाच मागितली नाही," डॉक्टर म्हणाले. "काकूंनाच विचारत बसलो."

बाबा भिंतीला टेकून ऐकत होते. सदऱ्याच्या गळ्यातून तुटलेल्या जानव्याचं टोक बाहेर लोंबत होतं, त्याचंही त्यांना भान नव्हतं.

दुपारी आईला नीट शुद्ध आली. कॉटशेजारी बाबा बसले होते. तिला अजून कुणी काही सांगितलं नव्हतं. तिनं ओठांवरून जीभ फिरवली, साखर लागली असावी, तशी ती घाबरली.

"अहो, मी काही खाल्लं नव्हतं हो."

"ठाऊक आहे मला," बाबा म्हणाले.

आईनं मान त्यांच्याकडे वळवली. मग विचारलं, "कधीपासून?"

बाबा तुटलेल्या जानव्याचं टोक सदऱ्यात खोचू लागले. आईनं कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं.