दंडाचं फडकं

"गाडीचं राहू द्या हो, हे ऐका पह्यले," म्हणत भाऊ चहाची बशी खाली ठेवायचे आणि आम्ही कपाळाला हात लावायचो. विषय गेला उडत!

खामगाव-नांदुरा रस्त्यावर एका टपरीपुढे, कडुनिंबाखाली, आम्ही सहा-सात जण दर रविवारी सकाळी आपापल्या जुन्या गाड्या घेऊन जमायचो. घरचे म्हणायचे, यांना भंगाराचं वेड लागलंय. लागलंच होतं. कार्बोरेटर, कमानी, हॉर्न, कुणाची गाडी लिटरला किती जाते, यावर तासन्‌तास वाद. मी पडलो शिक्षक, तोही तापट. गप्पा भरकटल्या की माझं डोकं फिरायचं. म्हणून नियम मीच काढला: गाड्या सोडून दुसरं बोलेल, त्यानं सगळ्यांच्या पुढच्या काचा पुसायच्या. टपरीच्या खुंटीला त्यासाठी एक पिवळं फडकंच टांगून ठेवलं.

ते फडकं बहुतेक या भाऊंच्याच हातात असे. मी त्यांना भाऊ म्हणायचो. साठी ओलांडलेले, नांदुऱ्याजवळ वांग्याची शेती, आणि एक हिरवी जीप. जिवापाड जपलेली.

एकदा इंजिनाच्या डिझेल पंपाविषयी चर्चा अगदी रंगात आली होती. भाऊ मध्येच म्हणाले, "मास्तर, वांग्याले काटा काऊन असते, ठाऊक हाय?"

"भाऊ, विषय!"

"हाव, विषयच हाय. काटा नसता तं तुमच्यासारख्यायनं झाडावरच खाऊन टाकलं असतं."

सगळे खो खो हसले. भाऊ मुकाट्यानं उठले, फडकं घेतलं. काचेवर तोंडाची वाफ सोडायची, मग गोल गोल पुसायचं. स्टिअरिंगसमोरची बाजू जरा जास्तच वेळ. "काच साफ पायजे मास्तर. समोरचं दिसलं पायजे."

मग त्यांची जीप यायची बंद झाली. भाऊ रिक्षातून उतरू लागले. विचारलं तर, "मिस्त्रीकडे हाय. पार्ट भेटून नाई राह्यला." महिने गेले, तो पार्ट काही भेटेना. "काय भाऊ, मिस्त्रीनं जीप विकून खाल्ली काय?" असं कुणीतरी छेडायचं. भाऊ हसायचे आणि लगेच जळगाव जामोदच्या कुठल्याशा लग्नात नवरदेव मांडवात घोरायला लागल्याची गोष्ट काढायचे. म्हणजे पुन्हा दंड. हल्ली तर चहा यायच्या आधीच ते विषय सोडत. कधी कप बशीच्या बाहेर टेकायचा, चहा सांडायचा. मी म्हटलं, वय झालं.

एकदा वांगी आणायला त्यांच्या घरी गेलो. भाऊ मळ्यात होते. जीपच्या शेडमध्ये रोपांचे ट्रे मांडलेले. मी विचारलं, मिस्त्रीकडून जीप आली की ठेवणार कुठं?

"जीप तं पोरानं कवाच विकली," वहिनी म्हणाल्या. "डोळ्यायनं दिसत नाई त्यायले नीट. डॉक्टरनं गाडी बंदच सांगतली. तुमाले बोलले नाई काय?" मग हळू आवाजात, "म्हनतात, गाडीच नाई तं त्यायच्यात मले कोन बसू देईन? मी सांगतलं म्हनू नका बरं."

परत येताना मला भडभडून आलं. असा माणूस, डोळे गेलेले, आणि आम्ही त्याच्याकडून काचा पुसून घेतो! लाज वाटली. पुढच्या रविवारी मी जाहीर करून टाकलं, "आजपासून दंड बंद. ज्याला जे बोलायचं ते बोला."

टाळ्या पडल्या. भाऊ अर्धवट उठले होते, हात खुंटीकडे गेला होता. तो तसाच खाली आला.

"काऊन मास्तर? माह्यं पुसनं बराबर नाई होऊन राह्यलं काय?"

"छे हो भाऊ, तुम्हाला कशाला उगाच त्रास."

ते बसले. त्या दिवशी आम्ही पिकापाण्यापासून लग्नांपर्यंत सगळं बोललो. एकटे भाऊ काही बोलले नाहीत. मला मात्र आपण केवढं चांगलं काम केलं असं वाटत होतं.

नंतरच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही. मी फोन केला. म्हणाले, "येतो ना. पन येऊन करू काय मास्तर?"

"गप्पा मारायला या की!"

"गप्पा तं घरीबी होतात."

एवढं स्पष्ट बोलले ते, तरी माझ्या टाळक्यात शिरलं नाही. शिकवतो मी पोरांना! बरं, सवडीनं या, म्हटलं आणि फोन ठेवला. थंडीत एका पहाटे भाऊ झोपेतच गेले.

तेरवीला वहिनी भेटल्या. "रविवारी आंगोळ करून, टोपी घालून खाटीवर बसत. जात मातर नोहते. पह्यले तुमच्या गाड्यायवर हात फिरवून आले का आठ दिवस खुश असत. म्हनत, दिसत नाई, पन हात लावला का समजते कोनती गाडी कोनाची."

भाऊंचा त्रास वाचवायला गेलो आणि त्यांच्या हातातलं कामच काढून घेतलं. हे त्यांना सांगायचं राहिलं, आणि आता कुणाला सांगू?

पुढच्या रविवारी सगळे जमले. कुणीतरी नव्या बॅटरीचं काढलं. मी म्हणालो, "गाडीचं राहू द्या. वांग्याला काटा का असतो, ठाऊक आहे?"

कुणी हसलं नाही. मी उठलो. फडकं खुंटीलाच होतं, वाळून कडक झालेलं. पाण्यात बुडवून पिळलं आणि एकेक काच पुसत गेलो. सगळ्या झाल्यावर डोळे मिटले आणि गाड्यांवरून हात फिरवत पुन्हा पहिल्यापर्यंत आलो. सगळ्या सारख्याच लागल्या. त्यातली माझी कोणती, तेही मला सांगता आलं नाही.