आत्याला ठेवून आलो ती दुपार

डांबरगोळ्यांचा वास आला की आत्याच्या लुगड्यांची पिशवी आठवते. आईमागं तिनंच मला वाढवलं. पुढं तिला विसर पडू लागला, दोनदा गॅस उघडा राहिला, म्हणून एका दुपारी सोनपेठहून एसटीनं तिला त्या पिशवीसकट परभणीच्या वृद्धाश्रमात नेलं. अर्ज भरून मी व्हरांड्यात आलो, तर बाकावर बसलेल्या आत्यानं माझं मनगट घट्ट धरलं. इकडंतिकडं बघत ती कुजबुजली, “हितं माणसं ठिऊन घ्यायलेत रे. तू गुमान निघ लेकरा, मागचं मी बघते.” तिलाच ठेवायला आणलंय, हे मी सांगितलं नाही. तिचा हात सोडवून मी फाटकाकडं चालू लागलो, मागं न बघता. हल्ली मलाही नावं पटकन आठवत नाहीत. घरात मी ते कुणाला कळू देत नाही.