कुत्र्याची वही

आधी अण्णांचं सांगते, मग कुत्र्याचं. इथं कानडी मुलखात, इंदिरानगरला, आमच्या गेटासमोर ऑटो स्टँड आहे, तिथले ते अण्णा. पांढऱ्या मिशा, खाकी शर्टाचं वरचं बटण कायम तुटलेलं. घर बनशंकरीला. त्यांच्या घरात मराठीच बोलतात, पण त्यातली निम्मी मला कळते आणि निम्मी मी अंदाजाने घेते. त्यांचे लोक तीन-चारशे वर्षांपूर्वी इकडे आले म्हणे. मला येऊन तीन वर्षं झाली होती. एकदा फाटकाशी उभी राहून मी आईशी फोनवर बोलत होते, ते ऐकून त्यांनी ऑटोतूनच हाक मारली, "तंगी, कुठल्या गावची गं तू?" तंगी म्हणजे धाकटी बहीण. या शहरात मला कुणी बहीण म्हटलेलं ते पहिलंच.

माझ्या उजव्या हातावर दातांचे चार वण आहेत. हात शाबूत आहे तो अण्णांमुळे. आणि मी खोटारडी ठरले नाही, तेही त्यांच्यामुळेच.

मी सातवीतून शाळा सोडली. माझी आई पुण्याला ताईंच्या, म्हणजे माझ्या मालकिणीच्या, माहेरी धुणंभांडी करते. ताईंना मुलगी झाली तेव्हा इथं विश्वासाचं कुणीतरी हवं होतं, म्हणून मला पाठवलं. ताई आणि त्यांचे यजमान, दादा, दोघंही कंपनीत. दिवसभर घरात मी आणि बाळ. बाळ आता चार वर्षांची आहे, मला मावशी म्हणते.

दिवाळीनंतर त्यांनी कुत्रं आणलं. एका बांधकामावर कुणीतरी बांधून सोडून गेलं होतं, तिथून सोडवलेलं. तपकिरी, एक कान मोडलेला, मागच्या पायावर दोरी काचल्याचा वण. दोन दिवसांत ते माझ्या हातून खायला लागलं. त्याचं जेवण मीच करायची, चिकन आणि भात, बिनमिठाचा. दादा म्हणायचे, "बघ, तुझ्यावरच जास्त जीव आहे त्याचा."

महिन्याभराने एका मंगळवारी त्याने मला धरलं. त्याचं खाऊन झालं होतं, ते टेबलाखाली पडलं होतं. मी धुतलेले डबे खालच्या खणात ठेवत होते. गुरगुरणं नाही, भुंकणं नाही. आलं, कोपराखाली दात रुतवले आणि लोंबकळलं. मग आपणच सोडलं, आणि परत टेबलाखाली जाऊन पडलं. मी ओरडलेसुद्धा नव्हते.

आमच्या गावाकडे करतात तेच मी केलं. जखमेत लाल तिखट दाबलं आणि वर ओढणीचा तुकडा बांधला. डोळ्यांतून पाणी काढत ताईंना फोन लावला. त्या मीटिंगमधून बाहेर आल्या. पहिला प्रश्न त्यांनी विचारला, "तू त्याला काही केलंस का?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"म्हणजे, ते उगाच नाही ना असं करणार. तू काहीतरी केलं असशील." मग जरा थांबून, "नकळत."

ते 'नकळत' नंतर चिकटवलेलं होतं. मला कळलं ते.

बाळाला शाळेतून आणायची वेळ झाली होती. खाली उतरले तर अण्णांनी ओढणी बघितली.

"काय झालं?"

"कुत्रं."

"धुतलीस?"

"तिखट लावलंय."

"तिखट? मटण शिजवायला घेतलीस काय हाताचं?" त्यांनी मला वॉचमनच्या नळाखाली ओढतच नेलं. वॉचमनचा साबण मागून घेतला. मनगटावरचं घड्याळ बघत उभे राहिले. पाच मिनिटांनी मी हात काढला तर ओरडले, "स्वल्प थांब की! पंधरा म्हणजे पंधरा." स्वल्प म्हणजे जरासं. मग वाटेत बाळाला घेतलं आणि तिघं सरकारी दवाखान्यात. ते खिडकीवर कन्नडमध्ये भांडले. मी आत सुया घेत होते तेव्हा बाहेर बाळाला हॉर्न वाजवू देत होते. डॉक्टरांनी जखमेच्या भोवतीसुद्धा इंजेक्शन दिलं. पुढच्या सगळ्या फेऱ्यांना अण्णाच आले. घरच्यांनी ॲपवरून गाडी बोलावून देऊ म्हटलं होतं. मी नको म्हटलं.

त्या दिवसांत मी रोज सकाळी ग्लासभर पाणी घटाघट प्यायची आणि पिताना भीती वाटते का ते बघायची. पिसाळलेल्याला पाण्याची भीती वाटते, हे लहानपणी ऐकलेलं. कुत्र्याला सगळ्या लसी दिल्यात असं ताई दहादा म्हणाल्या. तरी मी प्यायची.

आणि रोज त्याचा भात शिजवायची. माझ्या हातचं खाऊन माझाच हात फोडला त्याने, आणि परत माझ्याकडे बघून शेपूट हलवायचं. एकदा मी त्याच्या भातात चिमूटभर तिखट टाकलं. त्याने हुंगलं, तोंड फिरवलं. तो भात मी कचऱ्यात दडवला आणि दिवसभर त्यावर साली टाकत राहिले, कुणी बघू नये म्हणून. पण खरा राग त्याच्यावर नव्हता. ताई संध्याकाळी "दुखतंय का गं?" विचारायच्या, मी "नाही" म्हणायची, आणि मनात म्हणायची, तुम्हाला कळायला पाहिजे. एकदा तरी तुमच्याकडे बोट दाखवून कुणीतरी म्हणायला पाहिजे, तूच काहीतरी केलं असशील.

मला चावल्यावर पंधरा दिवसांनी ते दादांना चावलं. दादा बुटाची नाडी बांधत होते. घरात धावपळ, फोन, मोठा दवाखाना. आणि दादांना कुणीच विचारलं नाही की तुम्ही त्याला काय केलं.

दुसऱ्या दिवशी कुत्र्यांच्या वागणुकीतल्या जाणकार बाई आल्या. बाल्कनीला जाळीचं दार लावून कुत्रं तिकडे आणि बाळ इकडे, अशी सोय त्यांनी आधी करायला लावली. मग हिंदीत सगळं समजावून सांगितलं. दोन आठवडे वही ठेवायची. आधी काय घडलं तेही लिहायचं, रोज काय घडतं तेही. वही बघून ठरवू. तोंडाला जाळी घालून, शिकवून घरात ठेवता आलं तर ठेवू. नाहीतर शहराबाहेर एकजण अशी कुत्री सांभाळतो, त्याला विचारू. पण मुलांवर गेलेलं कुत्रं तो घेत नाही. तसं असेल तर मग डॉक्टरांशी शेवटचं बोलावं लागेल. शेवटचं म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं.

"दिवसभर घरात कोण असतं?" बाईंनी विचारलं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

तर वही माझ्याकडे आली. दोनशे पानी, रेघांची. शाळा सुटल्यावर इतकं मी पहिल्यांदाच लिहीत होते. कुकरची शिट्टी झाली, काही नाही. बेल वाजली, काही नाही. झाडू घेतला, काही नाही. काही नसताना उठून जाळीवर उडी मारली. खरं तेच लिहीत होते. आणि रोज डोक्यात एकच, की आता एक ओळ पुरेल.

नवव्या दिवशी ती लिहिली. 'आज सकाळी ते बाळाच्या अंगावर धावून गेलं. मी मधे पडले म्हणून ती वाचली.' अक्षर छान आलं होतं. ते कुत्रं मरणार होतं, आणि ताईंना जन्मभर पुरेल असा धसका बसणार होता. त्या दिवशी मी पाणी प्यायला विसरले.

शेवटच्या इंजेक्शनला जाताना मी अण्णांना सांगितलं. फुशारकीनेच सांगितलं. सिग्नल सुटल्यावर त्यांनी विचारलं,

"खोटं लिवलीस?"

"हो."

"त्याच्या आधीचं सगळं खरं?"

"हो."

"आता ती बाई विचारणार. कधी, कुठं, पोर कुठं होतं. पोराला पण विचारणार. चार वर्षांचं पोर, ते सांगणार काही नाही झालं म्हणून. मग तुझ्या हाताचं पण खोटं म्हणतील की, तंगी. दात पण खोटे."

मला रागच आला. "तुम्ही कुत्र्याच्या बाजूचे का?"

"कुत्रं मरू दे नाहीतर जगू दे, मला काय." त्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. "तिच्यावर डूख धरायचाय ना? धर की. खरं लिवून धर. सरी?"

सरी म्हणजे बरं. मी सरी म्हटलं नाही. पण घरी आल्यावर पट्टी घेतली, ती ओळ खोडली, आणि बाजूला लिहिलं, 'हे खोटं होतं, रागात लिहिलं.' कामावरून काढतील, आईला पुण्याला तोंड दाखवायला जागा राहणार नाही, हे सगळं दिसत होतं. मग मागच्या पानावर पहिल्या मंगळवारचं लिहिलं, जे इतके दिवस टाळलं होतं. डबे, खण, टेबल. जखमेतलं तिखट. आणि शेवटी: 'ताईंना फोन केला. ताई म्हणाल्या, तू त्याला काही केलंस का. तू काहीतरी केलं असशील. मी काही केलं नव्हतं.'

बाईंना मराठी वाचता येत नव्हतं. रविवारी वही ताईंनीच मोठ्याने वाचली, एकेक ओळ हिंदीत सांगत. मी ओट्याशी कोथिंबीर निवडत होते. खोडलेल्या ओळीपाशी ताई थांबल्या, तीही सांगितली. बाईंनी माझ्याकडे बघितलं, मान हलवली, 'पुढे वाचा' म्हणाल्या. मग मागचं पान आलं. ताईंनी ते आधी मनातच वाचलं. तरी मग मोठ्याने वाचलं. स्वतःचं बोलणं स्वतःच्या तोंडाने, परक्या बाईसमोर.

"असं विचारलंत तुम्ही?" बाई म्हणाल्या.

"हो." ताईंचे कान लाल झाले होते.

"हिने काही केलं नव्हतं. वहीत कुठेच काही कारण नाही, तीच तर भीती आहे. सूचना न देता चावणारं कुत्रं या घरात राहू शकत नाही."

कोथिंबिरीची एक जुडी निवडायला मी एवढा वेळ कधीच घेतला नसेल. मला फार बरं वाटत होतं. खोटं कशाला सांगू, अजूनही आठवलं की बरं वाटतं. ताई रात्री स्वयंपाकघरात आल्या, "चुकलं माझं" म्हणाल्या. मी "असू दे" म्हटलं. असू दिलेलं नाही, पण म्हटलं.

शहराबाहेरच्या त्या माणसाने चार दिवसांनी कुत्रं नेलं. त्याने पहिलं हेच विचारलं, लहान मुलावर गेलंय का. ताई म्हणाल्या, नाही. जाताना ते माझ्याकडे बघून शेपूट हलवत होतं. मला त्याची दया आली नाही. मी त्याचा भाताचा टोप घासून पालथा घातला.

अण्णांना सांगितलं तर एवढंच म्हणाले, "सरी. हात दाखव." वण बघितले आणि पान खायला गेले.

त्यांचा एक गुडघा गेलाय. ऑपरेशन सांगितलंय, ते पुढे ढकलतात. मुलगी हुबळीला दिलेली, घरात बायको एकटी. मी सध्या वॉचमनकडून कन्नड शिकते आहे, दवाखान्याच्या खिडकीवर भांडता येईल एवढी तरी. अण्णा, तुम्ही आत असाल तेव्हा बाहेर रांगेत मी असणार. आणि तुम्ही मधेच उठून घरी जायला निघालात, तर ओरडणारही मीच, स्वल्प थांबा की.