न उघडलेली फाईल
झेरॉक्सच्या दुकानातून तापलेल्या कागदाचा वास आला की मला ती फाईल आठवते. लातुरात नोकरीला असलेल्या लेकीनं तिला पसंत पडलेल्या मुलाची माहिती स्लाइडांत मांडून मोबाईलवर पाठवली होती. माझ्या मोबाईलात ती उघडायचं ॲपच नव्हतं. "उघडली न्हाई तर स्टँडवर झेरॉक्सवाल्याकडून कागदावर काढून घ्या, आबा," ती बोलली होती. पण चौथी शिकलो म्हणून काय कुणापुढं अडाणी ठरू? तिचा फोन आला तसा म्हणालो, "बघितली. न्हाई जमायचं." "काय खटकलं?" "पोराचं थोबाड." "आबा, त्याचा फोटो तर मी टाकलाच न्हाई." "तरी न्हाई म्हंजे न्हाई," म्हणून मी फोन ठेवला. लेक आता चाळिशीची झाली, एकटीच राहते. रोज फोन करते, गोळ्या घेतल्या का विचारते. पाठवत मात्र काहीच न्हाई.